एसीच्या पाण्याची दुसरी लाइन

इमारतीचा नकाशा समोर आला की अनुपमा रेडकर आधी मोऱ्या आणि नळ शोधायची. अमिरातीतल्या फुजैरा शहरात ज्या कंत्राटदाराच्या ऑफिसात ती प्लंबिंगची ड्रॉइंग्ज काढायची, तिथे बाकीचे लोक कमानी आणि दर्शनी काचांवर वाद घालत. तिचा प्रश्न ठरलेला असे : "पाणी जाणार कुठून?" ऑफिसचे मालक अण्णासाहेब मूळचे कराडचे. ते तिला 'आमच्या पाणीवाल्या बाई' म्हणत. त्यात थट्टा असे, पण मोरी गळाली की आधी तिलाच बोलावत.

मालवणच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून ती लग्नानंतर इथे आली. नवरा बंदरात नोकरीला होता. गाव समुद्राकाठचं, त्यामुळे उन्हाळ्यात हवा ओल्या फडक्यासारखी. अशा हवेत एसी चालला की त्याच्या नळीतून दिवसाला बादलीभर पाणी सहज निघे. हे पाणी सगळ्या इमारतींत गटारात जाई, आणि खाली आवारातल्या झाडांसाठी गोड पाण्याचा टँकर येई. तेही पाणी समुद्राचं, खारेपणा काढून केलेलं.

१९९७ साली हमीद नावाच्या स्थानिक मालकाने भाड्याने देण्यासाठी चार मजली इमारत बांधायला काढली. ऑफिसात सगळे त्याला अरबाब म्हणत, म्हणजे मालक. त्या ड्रॉइंगमध्ये अनुपमाने एक जादा पाइप टाकला. प्रत्येक गॅलरीतून तो खाली उतरत होता आणि अंगणाखालच्या टाकीत जात होता. एसीच्या नळ्यांची टोकं या पाइपच्या तोंडात सोडायची, टाकीतलं पाणी झाडांना द्यायचं. गटाराची लाइन वेगळी.

"झाड को एसी का पानी पिलाएगा?" अरबाब हसला. "ठीक है, बनाओ."

इमारत उभी राहिली, भाडेकरू आले. त्यांत मराठी कुटुंबं बरीच होती. पुढच्या जुलैत, एका सोमवारी, अरबाब ऑफिसात येऊन उभाच राहिला.

"मॅडम, टाकी देखा? खाली है. टँकर पहले जैसा आता है. दूसरा बिल्डिंग में ये डबल पाइप नहीं चाहिए. खलास."

शेजारच्या प्लॉटवरच्या दुसऱ्या इमारतीची ड्रॉइंग्ज गुरुवारी नगरपालिकेत जायची होती. तो गेल्यावर अण्णासाहेब म्हणाले, "बाई, पुसून टाका ती लाइन. ज्याची इमारत त्याला नको, तर आपला हट्ट कशाला?"

"आत्ता पुसली तर परत कुणी घालू देणार नाही, अण्णासाहेब. गुरुवारपर्यंत थांबा."

"थांबतो. पण टाकीत पाणी दाखवा. गणित नको."

दुसऱ्या दिवशी ती त्या इमारतीत गेली. पाइपचा उतार चुकला असेल किंवा बांधकामाचं सिमेंट आत अडकलं असेल, असा तिचा अंदाज होता. राखणदार वली पेशावरकडचा. त्याला घेऊन तिने गच्चीवरून पाइपांत पाणी ओतून पाहिलं. ते सरळ टाकीत उतरलं. पाइप ठीक होते.

"एसी तो चालू रहता है ना?"

"मॅडम, इधर एसी बंद करेगा तो आदमी पक जाएगा."

मग पाणी जातं कुठे? दुसऱ्या मजल्यावर तिची मैत्रीण सविता राहत होती. अनुपमाने तिची बेल वाजवली आणि चपला काढून थेट गॅलरीत गेली. एसीची नळी पाइपच्या तोंडातून ओढून काढलेली होती. तिचं टोक एका निळ्या बादलीत होतं. शेजारी दुसरी बादली भरून ठेवलेली.

"सविता, ही नळी कुणी काढली?"

"मी काढली. का गं?"

"अगं, ते पाणी झाडांना जातं!"

"मला काय माहीत! मला वाटलं, गटारात जातंय. चांगलं स्वच्छ पाणी. आमच्या लातूरला नळाची वाट बघत जागायचो आम्ही. फरशीला हेच, इस्त्रीत हेच. वरची रंजिता तर गाडीच्या बॅटरीतही हेच घालते. सगळ्यांच्याच गॅलरीत बादल्या आहेत." मग तिने अनुपमाकडे नीट पाहिलं. "आणि तुझ्या घरी काय, नळी गटारात सोडलीयस?"

"बादलीच ठेवते," अनुपमाने कबूल केलं. पाच वर्षं ती स्वतःच्या घरी एसीखाली बादली ठेवत होती.

"बघ!" सविता म्हणाली. "म्हणे इंजिनीअर."

तिचा मुलगा दारातून ओरडला, "आंटी, इट्स अवर वॉटर!"

अनुपमा तिथेच थांबून बादलीकडे पाहत राहिली. बादली काठोकाठ भरली होती आणि वरचं पाणी गॅलरीच्या मोरीतून गटारात चाललं होतं. घरात लागतं त्यापेक्षा पाणी जास्त होतं. उरलेल्याला टाकीची वाट नव्हती.

बुधवारी तिने अरबाबला हे सांगितलं. तो भडकला. "नोटीस लगाओ. बाल्टी बंद!"

"नोटिशीने बादली जाणार नाही," ती हिंदीत म्हणाली. "आणि जायलाही नको. त्या पाण्याने फरशी पुसतात, तेवढं तुमचं नळाचं पाणी वाचतं." तिने कागदावर गॅलरी काढली. एसीची नळी भिंतीच्या आत, पाइपला पक्की जोडलेली. मध्येच एक फाटा, फाट्याला छोटा नळ. ज्याला हवं त्याने नळ सोडून बादली भरावी, बंद करावा. बाकीचं आपोआप टाकीत.

अरबाबने कागद फिरवून पाहिला. "पहले पुराना बिल्डिंग में लगाओ. ये गर्मी में टाकी भरेगा तो दूसरा में पाइप रहेगा. नहीं तो मैं ही निकालेगा."

"आणि उद्याचं ड्रॉइंग?"

"पाइप के साथ भेजो. निकालना आसान है."

गुरुवारी ड्रॉइंग गेलं. अण्णासाहेबांनी पाठवण्याआधी नव्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"नळ."

"प्रत्येक गॅलरीत? बायकांसाठी?"

"बादलीसाठी."

पुढच्या दोन आठवड्यांत प्लंबरने जुन्या इमारतीत नळ बसवले. सविताने पहिल्याच दिवशी तक्रार केली की नळ फार खाली आहे, मोठी बादली बसत नाही. तो वर घेतला. ऑगस्टअखेर वलीने काठी घालून पाहिलं तेव्हा टाकी अर्ध्याच्या वर होती. पूर्ण भरली नाही, कधीच भरली नाही. टँकर बंद झाला नाही, फक्त कमी वेळा येऊ लागला.

अरबाबने सप्टेंबरात एकदा टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि गाडीत बसला. दुसऱ्या इमारतीच्या ड्रॉइंगमधून पाइप काढायला त्याने सांगितलं नाही.