उताऱ्याचा नारळ

माझ्या टोपलीत, पापलेटांच्या डोक्यावर, त्यांनी भुताचा उतारा ठेवला. नारळ, लिंबू, हळदकुंकू घातलेला भात. गोरेगावातल्या एका बंगल्याच्या मागल्या दारी, भर दुपारी.

"तुझं तू परत घेऊन जा," घरच्या सासूबाई म्हणाल्या. "आणि आधी उंबऱ्यावर नाक घास."

माझं म्हणजे काय? तर भूत. त्यांच्या सुनेच्या अंगात शिरलेलं. ते म्हणे मी टोपलीतून आणलं होतं.

आणि हे सांगितलं कुणी? माझ्या सख्ख्या मामानं.

मी मनोरीची कोळीण. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. होडीतून खाडी ओलांडायची आणि मार्व्यापासून पायी गोरेगाव गाठायचं. आवाज असा, की मी मार्व्याला "पापलेऽऽट" म्हटलं की गोरेगावात बायका तवा तापत ठेवत. मासळी विकत, गोष्टी फुकट. बहुतेक गोष्टी मामाच्या. मामा गावचा भगत. "आमच्या मामानं एकदा सात भुतं एका बाटलीत कोंबली. बूच मिळेना, तर आठव्या भुताला पिळून त्याचंच बूच केलं!" बंगल्यातल्या बायका हसायच्या, पण जरा सरकूनही बसायच्या. निम्मं मीही खरं मानायचे. बाप समुद्रात गेल्यावर मामानंच मला वाढवलं होतं ना.

त्या घरच्या सुनेचं तिसरं मूल पोटातच गेलं. ती बोलेनाशी झाली. एक दिवस ताट भिरकावून किंचाळली. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या त्या मामाला आणशील का गं?"

आणलं. मिरवत आणलं.

मामानं तीन दिवस सुनेचं अन्न तोडलं. भुताला उपाशी ठेवायचं म्हणून. चौथ्या दिवशी मागच्या पडवीत शेजारपाजार जमला. मामानं छडी उगारली. "कोणी धाडलं तुला? नाव सांग!" ती गप्प. दोन छड्या ओढल्या. तरी गप्प. आता नाव तर हवंच. धाडणाऱ्याचं नाव निघालं नाही तर भगत कच्चा ठरतो. मामानं पडवीभर नजर फिरवली. सासूबाईंचं नाव घेता येत नव्हतं. शेजारणींचंही नाही. उंबऱ्याबाहेर, टोपलीपाशी, मी.

"या टोपलीतनं आलंय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मग तो उतारा. मग नाक घासायचा हुकूम. मामा वाकून माझ्या कानाशी आला. "घास गो बाय, नाक काय झिजतंय? नारळ वाटेत फोडून खाऊ."

एरवी अशी गोष्ट मी वर्षभर पुरवून सांगितली असती. त्या दिवशी मात्र मी टोपलीतल्या त्या नारळाकडे बघितलं. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. नारळात काही नाही. टोपलीत काही नाही. माझ्यात काही नाही.

मग माझ्या आईत काय होतं?

मी आठ वर्षांची होते. बाप गेल्यावर आईही अशीच किंचाळायची. मामानं तिला खांबाला बांधून ओल्या दोरखंडानं झोडलं. "ती तुझी आय नाय आता," मला म्हणाला. मी मानलं. महिन्याभरात ती गेली. तिला झोडलं त्या दिवशी धुपाटणं मी धरलं होतं. मी.

मी नारळ उचलला आणि त्याच उंबऱ्यावर आपटला. पाणी सासूबाईंच्या लुगड्यावर उडालं. दातांनी खोबरं ओरबाडून खाल्लं. लिंबू चोखलं. एका शेजारणीनं तर अशी उडी मारली की तुळशीवृंदावन ओलांडून पलीकडे पडली. बाकी काही झालं नाही. कुणाच्या अंगात आलं नाही, मला उचकीसुद्धा लागली नाही.

तेवढ्यात सून सरपटत पुढे आली. वळ उठलेला हात पसरला. "मला पण दे ना गं. भूक लागलीय."

कित्येक दिवसांनी ती बोलली, ते हे.

मी कवड तिच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती हिसकावून अंगणात फेकली. दार लागलं. मामा आतच राहिला. छडीचा आवाज मी बाहेरून ऐकला. दारावर धक्के मारले, शिव्या घातल्या. दार उघडलं नाही.

त्या आळीत माझी मासळी पुन्हा कुणी घेतली नाही. मामानं गावात उठवलं, भाची चेटकीण निघाली. गावकी बसली. म्हणे, मामाच्या पाया पड.

"यानं माझ्या आयला मारलं," मी म्हटलं. "धुपाटणं मी धरलं होतं. माफी मागायची तर आयची मागेन. याची नाय."

वाळीत टाकलं. टाकू दे.

आता भगत बसलाय असं कळलं, की घर कुणाचंही असो, मी विचारत नाही, उंबरा ओलांडून सरळ आत जाते. मार खाल्लाय, पुढेही खाईन. त्या बाईला आधी भात वाढायला लावते. "कोणी धाडलं ते मग विचारा," म्हणते. तिचं जेवण होईपर्यंत मी तिथून हलत नाही.