पलीकडे कोण आहे?

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या एका खोलीत मी एकटी राहायचे. ऑफिसचं काम घरूनच चालायचं. भाजीवाला सोडला तर दिवसभरात कुणाशी बोलणं व्हायचं नाही.

उरलेल्या वेळात मी एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काम करायचे. जगभरातले हौशी लोक मिळून ती लिहीत होते. तिच्यातला यूएसबीचा भाग नव्याने लिहिला जात होता. तो सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधायचा, निरनिराळी उपकरणं जोडून बघायची आणि काय बिघडलं ते कळवायचं, हे मी अंगावर घेतलं होतं. त्या लोकांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिला नव्हता.

माउस, पेन ड्राइव्ह, प्रिंटर चालले. राहिला वेबकॅम. तो माझ्याकडे नव्हता. मला कोण बघणार होतं?

खालच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. उरणकडच्या कोळी. जन्मभर मासळी विकली, आणि आता दुबईतल्या मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये एकट्याच. जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कॉम्प्युटरचा कॅमेरा आहे का?"

"हाय की. पोरानं दिलाय, माझं तोंड बघायला. आता फोनवरच बोलतो. ने तू."

कॅमेरा जोडला की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा. पेन ड्राइव्ह थांबून राहतो, पुन्हा मागितलं की पुन्हा देतो. कॅमेरा कुणासाठी थांबत नाही. चित्र येतच राहतं, वेळेवर उचललं नाही तर गेलं. आमचा कोड तिथेच अडखळत होता. दोन ओळी बदलायच्या, पुन्हा बांधायचं, पुन्हा जोडायचं. मध्येच लाइट गेले की पंखा बंद, सगळं बंद. मी घामाघूम होऊन काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे.

एका दुपारी पडद्यावर कॅमेऱ्याची खिडकी उघडली. आधी नुसता हिरवा रंग, मग चित्र. चित्रात मीच, केस विस्कटलेले. इतका आनंद झाला की भावाला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करतो," तो म्हणाला.

मी तशीच खाली गेले. "मावशी, कॅमेरा चालला!"

"मंग? बिघडला होता काय?" म्हणत त्या हात पुसत वर आल्या. खुर्चीत बसल्या, केसातली वेणी सारखी केली आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पलीकडं कोन हाय?"

"कोणी नाही. आपलं आपल्यालाच दिसतं."

"पोराला दिसत नाय?"

"नाही मावशी. त्याला दिसेल असा प्रोग्राम या सिस्टिमसाठी अजून कुणी लिहिलेला नाही."

आता उठतील असं वाटलं. पण त्या बसून राहिल्या. गालावरून हात फिरवला. "वालले गो मी," म्हणाल्या. मग जरा सरकून, "ये, तू पन बस."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. चित्रात आता आम्ही दोघी होतो.

संध्याकाळी मी कोडमधली दुरुस्ती त्या हौशी लोकांना पाठवली. 'घेतली, आभार,' एवढं उत्तर आलं. भावाचा फोन आला नाही.

पुढे मावशींना त्यांची बहीण उरणला घेऊन गेली. फ्लॅटला कुलूप लागलं. त्यानंतर दुपारचं काम आटोपलं की मी पनवेलच्या बाजारात जाऊन यायला लागले. घ्यायचं काही नसायचं. कोळणींचं भाव करणं ऐकत थोडा वेळ उभी राहायचे आणि परत यायचे.