मामाजींचं बेल्जमचं पाणी

माझे सासरे कोणतीही गोष्ट एकदम गिळत नसत. साधा पाण्याचा घोटसुद्धा आधी तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. लग्न होऊन मी घरात आले त्या दिवशी माझ्या हातच्या वरणाचा पहिला घास त्यांनी इतका वेळ तोंडात धरला, की जेवणारे सगळे हात थांबवून त्यांच्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "वरण चांगलं हाय. हिंगानं घाई केली." पुढे आठवडाभर हिंगाची डबी उघडण्याआधी मी त्यांच्याकडे बघायची.

मी त्यांना मामाजी म्हणायची. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात मात्र त्यांना सगळे 'बेल्जम' म्हणत. पहिल्या महायुद्धात ते मजुरांच्या पलटणीतून सातासमुद्रापार बेल्जियमला गेले होते. तिथे त्यांनी रस्ते खणले, लाकडं वाहिली, थंडीत बोटं गोठवून घेतली. पण परत आल्यावर ते या कशाबद्दलच बोलत नसत. बोलत ते फक्त एका गोष्टीबद्दल. तिथल्या एका खेड्यात त्यांनी लाकडी पिंपात मुरलेली, आंबट चेरीची बिअर चाखली होती. चेरी म्हणजे काय, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "विलायती करवंद समज. पण आपलं करवंद बोलते जास्त."

तसंच काहीतरी आपल्याकडे जमवायचं, हा ध्यास त्यांनी उभा जन्म धरला. देश सोडून निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. मामाजी एक रिकामं पिंप बैलगाडीत घालून घेऊन आले. सासूबाईंनी, त्या सांगायच्या, दोन दिवस स्वयंपाक केला नाही. पिंप मागच्या पडवीत सर्वात गार कोपऱ्यात बसलं आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखं तिथेच राहिलं. मामाजी ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे, भरडून उकळायचे, आणि ते पाणी पिकल्या करवंदांसकट पिंपात भरून तोंड बंद करायचे. मग पिंपावर कान ठेवून ऐकत बसायचे. आत काय ऐकू येतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गावाला त्यांच्या या पाण्याचं कौतुक नव्हतं. मोहाच्या दारूसारखी डोक्याला झिणझिणी न आणणारं आंबट पाणी कोण पिणार? त्यांचा जिवाभावाचा मित्र हरसिंग तर तोंडावर सांगायचा. हरसिंग शेजारच्या तांड्यावरचा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवला होता. हा मात्र शेती करायचा आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर असायचा. तो म्हणायचा, "बेल्जम भाऊ, याच्यापरीस चिंचेचं पाणी बरं." मामाजी रागावत नसत. "अजून पिकलं नाही," म्हणायचे. दरवर्षी काही ना काही राहायचंच. कधी ज्वारी करपायची, कधी करवंद कच्चं निघायचं.

मग छप्पन साल आलं. त्या वेळी पिंपात जे होतं, ते मामाजींनी पूर्वी कधी नाही इतका दीर्घकाळ मुरत ठेवलं होतं. हिवाळ्यात ते तयार होणार, असं त्यांच्या कानाने त्यांना सांगितलं होतं. आणि त्याच दसऱ्याला आम्ही सगळे पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला गेलो आणि दीक्षा घेतली. मद्य घेणार नाही, ही प्रतिज्ञा मामाजींनी माझ्या शेजारी उभं राहून खड्या आवाजात म्हटली. त्या वेळी मला पिंप आठवलं आणि मी हळूच त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला होता की मीच नजर वळवली.

घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, "बाबा, ते पिंप ओतून टाकतो."

"म्या प्याचं सोडलं," मामाजी म्हणाले. "त्यानं पिकाचं कायले सोडावं?"

थंडी पडल्यावर एका सकाळी त्यांनी हरसिंगला बोलावलं. अंगणात उन्हात बसवलं. पिंपाची तोटी सोडून काचेच्या ग्लासात लालजांभळं पाणी काढलं, उजेडात धरून बघितलं, आणि हात लांब ठेवूनच ग्लास हरसिंगच्या पुढे केला.

हरसिंगने एका घोटात अर्धा ग्लास संपवला. "चांगली हाय."

"चांगली म्हंजे काय बे? गिळून काहून टाकली? तोंडात ठेव. जिभेच्या कोणत्या बाजूले लागते ते सांग."

हरसिंगने घाबरून पुढचा घोट तोंडात धरला. गाल फुगवून तो मामाजींकडे बघत राहिला. मी दारात उभी राहून पदर तोंडात कोंबला होता.

"बाजूनं लागते," तो शेवटी म्हणाला. "आंबट. पण टोचत नाही. मंग लाकडाचा वास येते, पावसात भिजलेल्या गाडीच्या जूसारखा."

"अन् करवंद?"

"करवंद..." हरसिंग थांबला. त्यानेही आता डोळे मिटले होते. "जाळीतले करवंद खाऊन माणूस घराकडे निंगते ना भाऊ, वाटेनं तोंडात जेवढं राह्यते, तेवढं हाय."

मामाजी पुढे झुकले. "मागून कडू येते?"

"येते. जराशी. बी चावल्यावानी."

"व्हय," मामाजी म्हणाले. "तेच ते." मग बैलांना पाणी पाजतो म्हणून उठून गेले. बैल सकाळीच शेतावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपाचं वरचं बूच काढलं आणि तोंडावर पातळ फडकं बांधलं, म्हणजे हवा लागून आतल्या पाण्याचा सिरका व्हावा. हरसिंग अक्षरशः हात जोडून उभा राहिला. "एवढं जमलं अन् बिघडवून राह्यला?"

"बिघडवत नाही. दुसऱ्या कामाले लावून राह्यलो."

तो सिरका मात्र गावाने डोक्यावर घेतला. कांद्यावर, लोणच्यात, उन्हाळी सरबतात, सगळीकडे. बेल्जमकडचा सिरका मागायला पांढरकवड्याहून ट्रकवाले थांबू लागले. मामाजी प्रत्येकाला आधी थेंबभर चाखायला लावायचे आणि कसा लागला ते वदवून घेतल्याशिवाय बाटली भरून देत नसत.

साठ सालानंतर काही वर्षांनी ते गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्याआधीच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अंगणात करवंदं निवडत होतो. मी धीर करून विचारलं, "मामाजी, तिथं ती बिअर तुम्हाला दिली तरी कोणी?"

"एक बुढी होती. तिच्या घरासमोरचा रस्ता आमी खणत होतो. तिनं घागर आणली, गिलास भरला, आधी सोता अर्धा पिली, अन् तोच गिलास माह्या हाती देल्ला."

त्यांनी एक कच्चं करवंद बाजूला टाकलं.

"मंग खुणेनं नाव इचारलं. म्या नाव सांगतलं अन् आता पुढचं इचारते म्हणून थांबलो. गाव कोणतं, आडनाव काय, कोणाचा कोण. तिनं इचारलंच नाही. गिलास पुन्हा भरला."

मामाजींनी सूप उचललं आणि निवडलेली करवंदं पसरायला उन्हात गेले.