सरदारची भाषणं

"हातोडा रिंगणात येतो. त्याच्या हातात झाडू आहे. तो लढायला आलेला नाही. रिंगण झाडायला आलाय."

विक्रमनं एवढं वाचलं आणि थांबला. प्रिंटरमधून नुकताच फाडलेला कागद त्याच्या हातात होता. समोर पाच पोरं. पाचही हसली. मी काउंटरवर बसले होते. हसणं संपेपर्यंत तो माझ्याकडंच बघत होता. मग पुढचं वाचलं. हातोडा झाडतो. सरदारचे बूट पुसतो. सरदार त्याच्या पाठीवर पाय देऊन विजेत्याचा पट्टा उचलतो.

हातोडा म्हणजे मी.

साल नव्याण्णव. नगरला सावेडीत विक्रमच्या वडलांचा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, एक फोनलाइन. मी मिरजगावची. नागापूरला मामाकडं राहून टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, म्हणून इथं ऑपरेटर. ठेवून घेताना विक्रमच्या वडलांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावावरून काही कळेना, म्हणून वस्ती विचारली. बौद्धवाडा, मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा प्लास्टिकच्या कपात. बाकीच्यांचा काचेच्या ग्लासात.

विक्रम आणि त्याचे दोस्त ईमेलवर कुस्तीचा एक खेळ खेळायचे. टीव्हीवर परदेशी कुस्त्या लागायच्या, त्यावरून निघालेला. प्रत्येकानं मनानं एक पैलवान तयार करायचा आणि त्याच्या तोंडचं भाषण लिहायचं. बढाई, दमदाटी, आव्हान. इंग्रजी अक्षरांत मराठी. दर आठवड्याला जोड्या लागायच्या. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला एक जण खेळाचा प्रमुख. ज्याचं भाषण सरस त्याला तो जिंकवायचा, आणि कुस्ती कशी झाली ते लिहून सगळ्यांना पाठवायचा. नगरची, पुण्याची, नाशिकची तीसेक पोरं होती. बहुतेकांनी एकमेकांना बघितलेलंही नव्हतं.

विक्रमच्या पैलवानाचं नाव सरदार. तो सांगायचा, मी टाइप करायचे. त्याला दोन वाक्यांपुढं सुचायचं नाही. मी भर घालू लागले. मग सगळंच लिहू लागले. मला ते यायचं. माझे आजोबा जत्रेत कुस्त्यांना हलगी वाजवायचे. पैलवान कसा उतरतो, शड्डू कसा ठोकतो, काय बोलतो, सगळं त्यांना पाठ. वडलांनी ते मला सांगितलेलं. हलगी आमची, आखाडा त्यांचा. आमच्या पोरानं लंगोट बांधून त्या मातीत उतरायचं नाही. बौद्ध झाल्यावर घरात हलगीला कुणी हात लावला नाही.

सरदार जिंकत सुटला. त्याला पट्टा मिळाला. पोरं विक्रमच्या पाठीवर थाप मारायची, आणि तो ती घ्यायचा.

मग मी माझा पैलवान काढला. नागापूरच्या वर्कशॉपमधला कामगार. हातोडा. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास लिहायचे. मी कोण, ते कुणाला सांगितलं नाही. हातोड्यानं पाच कुस्त्या मारल्या. पुण्याच्या प्रमुखानं सगळ्यांना लिहिलं, असं मराठी आपल्यात दुसरं कुणी लिहीत नाही. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. वस्ती न विचारता कुणी मला पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं.

आणि जोडी लागली. सरदार विरुद्ध हातोडा. विक्रम म्हणाला, या वेळी जोरात लिही. मी म्हणाले, या वेळी तुम्ही लिहा. त्याला ते खटकलं. दुसऱ्या दिवशी मी कामासाठी बाहेर गेले, तेव्हा तो माझ्या कॉम्प्युटरवर बसला. माझी मेल उघडीच राहिली होती, हातोड्याची भाषणं त्यातच.

मला त्यानं काही विचारलं नाही. पुण्याला कळवलं. हातोडा कोण, कुठल्या वस्तीतली, कॅफेत काय काम करते. पुण्याहून आलेला निकाल म्हणजे हा कागद.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कागदावर जातीचं नावच नव्हतं. बोट ठेवायला जागा नव्हती.

मी विचारलं, "झाडूच का?"

"अगं, खेळ आहे," विक्रम म्हणाला. "हरणाऱ्याचं असं लिहितातच."

"आजवर कुठला हरलेला झाडत होता?"

एकानं खुर्ची फिरवून तोंड तिकडं केलं. मग विक्रम म्हणाला, "जाऊ दे. सरदारचं पुढचं भाषण लिहून ठेव. हातोड्याला माफ केलं, असं काहीतरी."

मला माफी. तीही मीच लिहायची.

मी कॉम्प्युटरवर बसले. त्याला वाटलं, लिहायला लागली. लिहीतच होते. खेळातल्या सगळ्यांना. माझं पूर्ण नाव घातलं, गाव घातलं, वस्ती घातली. हातोडा मी. सरदारची भाषणंही माझी, हे शेवटचं सोडून. कच्चे खर्डे माझ्या वहीत आहेत, ज्याला बघायचे त्यानं नगरला येऊन बघावेत. आणि प्रमुखानं हातोड्याच्या हातात झाडू का दिला, ते जातीचं नाव घेऊन स्पष्ट लिहावं. पाठवलं. लाइन हळू होती. मेल गेली असं दिसेपर्यंत जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रमच्या वडलांनी येऊ नकोस म्हणून सांगितलं. पुण्याच्या प्रमुखानं मला खेळातून काढलं. तीसजणांत एकही माझ्या बाजूनं बोलला नाही. एकाचं उत्तर आलं. खेळात जात कशाला आणता?

तेच मला त्यांना विचारायचं होतं.

मामा एमआयडीसीत हेल्पर. तो म्हणाला, "जा, सॉरी म्हन. ते इसरत्याल. आशी नोकरी पुन्ना गावायची न्हाई." त्याचं खोटं नव्हतं. तीन महिने मी घरी बसले. राग कुणावर काढावा कळत नव्हतं. भांडी आपटायचे. मामी काही बोलायची नाही, त्याचाही राग यायचा.

पण गेले नाही. सॉरी म्हटलं नाही.

पुढं दोन ऑफिसांत काम केलं. दोन्हीकडं साहेबांनी भाषण लिहून मागितलं. मी दोन्हीकडं एकच विचारलं, "नाव कुणाचं लागणार?"

त्यांचं लागणार होतं. मी कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला.