किती दुखतंय, पैलवान?

पैलवान दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्याशी खोटं बोलायचा, आणि तेही हसतमुखानं. चँडलर शहरातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटला आधी एकच प्रश्न विचारतात: शून्य ते दहामध्ये दुखणं किती? अमेरिकेत या आकड्यावाचून पान हलत नाही. मी तो कॉम्प्युटरमध्ये भरते, इन्शुरन्सवाले तो वाचतात आणि पेशंटला पुढे काय मिळणार ते ठरतं. पाय जरासा मुरगळलेला माणूस इथे बिनदिक्कत आठ सांगतो. पैलवान सांगायचा, दोन.

पैलवान हे अर्थात मी ठेवलेलं नाव. मी कोल्हापूरची, असे चुरगळलेले कान तालमीबाहेर पहिल्यांदाच पाहिले. गडी ऑस्ट्रेलियाकडून रग्बी खेळलेला, सगळ्यात पुढच्या रांगेत. बायको गेल्यावर इथे मुलीजवळ राहायला आला होता. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पण त्याला मनातल्या मनातसुद्धा अहोजाहो करणं मला जमलं नाही. दर आठवड्याला थापा मारणाऱ्याला कसलं अहोजाहो? फ्रंट डेस्कवरची रिया, इथेच जन्मलेली मराठी मुलगी, दारातून डोकावून सांगायची, "मावशी, पैलवान अंकल आलेत. पेन टू. मी विचारलंसुद्धा नाही, यार!"

बारा वर्षं खेळला, देशाकडून सहा सामने. पण कौतुक म्हणून काही ऐकावं, तर हा बोलायचा फक्त स्क्रमबद्दल. म्हणजे दोन्हीकडची आठ-आठ माणसं एकमेकांना धरून, डोकी समोरच्यांत घुसवून जी रेटारेटी करतात, ती. "बॉल घेऊन पळाल्याचं मला फारसं आठवत नाही," तो म्हणायचा. "पळायला दुसरे होते. मी रेटायचो."

"पण मग खरं दुखणं सांगायला काय होतं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"स्क्रममध्ये समोरच्याचा गाल तुमच्या गालाला टेकलेला असतो, डॉक. तुम्ही कण्हलात की त्याला कळतं कुठे रेटायचं."

"अरे, पण मी समोरच्या टीमची आहे का?"

तो नुसता हसला. शेवटच्या वर्षी एका सामन्यात त्याची मान कटकन वाजली होती, तरी हा अर्धा तास आणखी खेळला. बदली खेळाडू आधीच जखमी होऊन बसलेला; हाही बाहेर गेला असता तर नियमानं स्क्रमची रेटारेटीच बंद झाली असती, आणि तेवढ्याच बळावर ते जिंकत होते. हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. त्याला ते फार आवडलं.

त्याच मानेनं आता दावा साधला होता. नस दबली होती आणि उजव्या हाताची पकड महिन्यागणिक सैल होत चालली होती. एमआरआय करून वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर हात कायमचा जाईल, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, इन्शुरन्सनं नाकारला. का? तर चार महिने पेशंटचं दुखणं दोनच्या वर गेलेलं नाही, अजून सहा आठवडे व्यायाम करून बघा. पकडीचे माझे रिपोर्ट कुणी उघडलेही नव्हते. मी फोनवर भांडले, होल्डवरचं संगीत ऐकलं, पुन्हा भांडले. शेवटी त्यांची नर्स पेशंटशी स्वतः बोलेल, असं ठरलं.

फोनच्या आधी मी पैलवानाला समोर बसवलं. "झोप लागते?"

"खुर्चीत लागते."

"मग खरा आकडा किती?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "आठ असेल."

"हेच तिला सांगायचं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस, डॉक."

फोन आला. मी स्पीकरवर टाकला. नर्सनं हवापाण्याचं विचारलं, मग दुखण्याचं. पैलवानानं माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन! इथली मुलगी ट्रीटमेंट एकदम फर्स्ट क्लास देते."

मी कपाळावर हात मारून घेतला. फोन बंद झाल्यावर त्याच्यावर अशी काही ओरडले की रिया धावत आत आली.

"अगं, पण चार महिने तू माझ्यासाठी राबतेयस," तो गोंधळून म्हणाला. "आठ सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, तुला काम येत नाही. मी तुला तोंडघशी कसा पाडणार?"

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी समजत होते की हा मला समोरच्या टीममधली धरतोय. त्यानं तर मला कधीच आपल्या शेजारी, आपल्या रांगेत उभं केलं होतं.

सहा आठवड्यांचे तीन महिने झाले, तेव्हा कुठे एमआरआय मंजूर झाला. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण हात परत आला नाही. इन्शुरन्सवाल्यांना मी आजही शिव्या घालते, पण खरा राग माझा माझ्यावर आहे. झोप लागते का, हे मी पहिल्याच महिन्यात विचारायला हवं होतं. मीही आकडाच विचारत बसले.

गेल्या मार्चमध्ये तो ऑस्ट्रेलियाला परत जायला निघाला, एकट्यानं राहायला. आदल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निरोप घ्यायला आला. निघताना दारात घुटमळला. "डॉक, एवढं लावून देतेस?" डाव्या मनगटाचं बटण उघडं होतं. उजव्या हातानं ते लावता येत नव्हतं.

"मुलीला का नाही सांगितलंस?"

"तिला वाटतंय हात सुधारतोय. कळलं तर एकटा जाऊ देणार नाही. सांगू नकोस हं."

मी बटण लावलं. मग त्याला तिथेच दारात सोडून थेट पार्किंगमध्ये गेले आणि गाडीत बसलेल्या त्याच्या मुलीला सगळं सांगितलं. तो मागून आला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला भर सामन्यात एकटं टाकून आले होते. मुलगी उतरली, त्याला आत बसवलं आणि वाकून त्याचा सीटबेल्ट लावू लागली. पैलवानानं तो लावू दिला.