दंडावरची थाप

मारोती वस्तादांनी पहिल्याच दिवशी मला मारलं. औशात धान्याच्या मोंढ्यामागे त्यांची पत्र्याची व्यायामशाळा होती. फी विचारायला मी आत गेलो, तर साठीतला एक आडदांड माणूस उठला आणि त्यानं माझ्या दंडावर सणसणीत थाप मारली. मी कळवळलो. काल कुठं वजन उचललं, असं त्यांनी विचारलं. घरीच, म्हटल्यावर दाराकडे बोट दाखवलं. "दुखून राहिलंय म्हंजी आतून भरून राहिलंय. भरू दे. परवा ये."

ही त्यांची रोजची हजेरी. दारातच थाप बसायची आणि जो कळवळला तो घरी परत. दंडाचा व्यायाम आठवड्यातून दोनच दिवस. जास्त मागणाऱ्याला शिव्या. "पाठीसाठी ओढतूस, छातीसाठी ढकलतूस, तवा दंडच राबतो न्हवं? त्याला अजून किती जुंपतूस?" एकदा दोघे जण आरशासमोर दंडाचे फोटो काढत बसले होते. वस्तादांनी लोखंडी प्लेट उचलून आरशावरच घातली आणि काचाही त्या दोघांनाच गोळा करायला लावल्या. माणूस भडक डोक्याचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एकटेच राहायचे. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मला मात्र घाई होती. माझी थोरली बहीण सुरेखा बिलोलीला दिलेली, आणि दाजी तिला मारायचा. दिवाळीला आली तेव्हा तिच्या मानेवर बोटांचे वळ होते. वडील नव्हते. आई तिला सांभाळून घे म्हणायची. मी खताच्या दुकानात कामाला, अंगानं काटकुळा. मी ठरवलं, दंड कमवायचे आणि दाजीला त्याच्याच अंगणात लोळवायचं.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मी गुपचूप दुसरी जिम लावली. सकाळी तिथं रोज फक्त दंड, संध्याकाळी वस्तादांकडे बाकीचा व्यायाम. थाप बसली की जीभ चावायची पण तोंड वाकडं करायचं नाही, हे मी शिकून घेतलं. दंड सुरुवातीला थोडा भरला, मग मापाच्या टेपवर उतरायलाच लागला. कोपरात कळ यायची. चहाचा कप उचलताना हात थरथरायचा. मला वाटलं, व्यायाम कमी पडतोय, म्हणून मी अजून वाढवला. अक्कल तेवढीच होती.

चार महिन्यांनी एका रविवारी शेजारणीचा फोन आला. दाजीनं सुरेखाचं डोकं फोडलं होतं. मी तसाच बिलोली गाठली. दाजी अंगणात मोटारसायकल धूत होता. मी हात उगारला, त्यानं मनगट धरून हिसका दिला. कोपरात कट्कन आवाज झाला आणि हात लुळा पडला. मग त्यानं खोऱ्याच्या दांड्यानं मला झोडपलं. भावाला बोलावलं म्हणून, माझ्यादेखत, सुरेखालाही झोडपलं. तिची टाक्यांची पट्टी रक्तानं भिजली आणि मी चिखलात पडून बघत राहिलो. आजही ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

हात गळ्यात बांधून मी वस्तादांपुढे उभा राहिलो. काय झालं ते सगळं सांगितलं, दुसऱ्या जिमचंही. त्यांनी माझं सुजलेलं कोपर चाचपलं आणि एक थोबाडीत ठेवून दिली. मग अंगात सदरा चढवला. "चल. घर दाखीव."

बिलोलीत ते सरळ दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. आत सुरेखा, बाहेर दाजी, मध्ये वस्ताद. दाजीनं तोच दांडा आणला. पहिला तडाखा वस्तादांच्या हातावर बसला, दुसरा दंडावर. त्यांनी दोन्ही हात तोंडापुढे आडवे धरले आणि जागचे हलले नाहीत. हाणा वस्ताद, हाणा त्याला, असा मी ओरडत होतो. त्यांच्या एका फटक्यात दाजी आडवा झाला असता. तडाखे मोजायचे मी सोडून दिले. मागं न बघता वस्ताद एवढंच म्हणाले, "पोरी, सामान घे." सुरेखा एक पिशवी घेऊन त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर आली. तोवर दाजी धापा टाकत खाली बसला होता.

परतीच्या एस.टी.त त्यांचे दोन्ही हात काळेनिळे पडले होते. का नाही मारलंत, असं मी चिडून विचारलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "मी घरात हाणलं व्हतं एकदा. ह्याच हातानं. बायकोचा कान गेला, मग बायकोबी सोडून गेली. तवापासून हे हात माणसावर नेट लावून चालवले न्हाईत. ह्येंचा मला भरवसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेच्या दारात त्यांनी स्वतःचा दंड माझ्यापुढे केला. मी डाव्या हातानं हलकी थाप मारली. ते कळवळले. आज मला सुट्टी, असं म्हणून ते दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. नियम म्हणजे नियम.

मागच्या वर्षी वस्ताद गेले. माझं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. सुरेखा औशातच शिवणकाम करते. वस्ताद गेल्याचं कळताच ती आली, त्यांच्या उशाशी बसली, आणि जिथं त्या दिवशी दांडा बसला होता त्या दंडावर तिनं अलगद हात ठेवला. मी रडत होतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आता दुखत न्हाई रे त्यांला."