पाया न पडणारी सून

महानंदाचा हात म्हणजे हात होता! बंगळुरातल्या घड्याळांच्या कारखान्यात तिनं बारा वर्षं केसाएवढी चाकं चिमट्यानं जागेवर बसवली, आणि तिनं जोडलेलं घड्याळ परत आलं असं कधी झालं नाही. निपाणीकडची बाई, बोलायला कमी, कामाला वाघ.

त्र्याण्णव साली तिचा डावा पाय फरफटायला लागला. पुढच्या वर्षी उजवाही. उन्हाच्या वेळी तर बसथांब्यापासून गेटपर्यंत तीन वेळा टेकावं लागे, आणि जोडणीचं खातं नेमकं वरच्या मजल्यावर. रजा वाढल्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, रक्त तपासलं, आणि फाइलवर लिहून टाकलं : काम टाळण्याचं नाटक. आता बोला! जिनं बारा वर्षांत चहाला पाच मिनिटं जास्त घेतली नाहीत, ती नाटकी.

प्रकरण तीन डॉक्टरांच्या समितीपुढे जायचं ठरलं; कारखान्याचे डॉक्टर त्यातलेच एक. आजार खरा ठरला तर खालच्या मजल्यावर तपासणीच्या खात्यात बसून काम. खोटा ठरला तर घरी. महानंदाला घरी बसायचं नव्हतं. तिला घड्याळं हवी होती, बस्स.

तिनं स्वतःच मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय आला. शिरांवरचं आवरण जागोजागी झिजतं आणि पायांपर्यंत हुकूम पोचत नाही, असा तो आजार. मेंदूचा स्कॅन झाला. निघाले काय, तर दोन बारके ठिपके! एवढ्याशा ठिपक्यांनी पाय इतके जातील का, बाईही बुचकळ्यात पडल्या. कारखान्याच्या डॉक्टरांना मात्र उकळ्या फुटल्या. डोकं जवळजवळ साफ आहे, म्हणजे बाई खोटं बोलते, असा त्यांचा हिशेब.

समितीच्या आठवडाभर आधी महानंदा स्कॅनची फिल्म आणायला गेली. सोबत सासू अंबूबाई. अंबूबाईंचं तोंड म्हणजे सुटलेला नळ. स्कॅनच्या खोलीतला नागोजी बेळगावचा निघाला, मराठी बोलला, मग काय विचारता! त्याला अण्णा करून त्यांनी सुनेचं सगळं गाऱ्हाणं मांडलं. पाय दुखतात म्हणे, मान्य. पण वर्ष झालं, ही देवाला वाकत नाही, थोरांच्या पाया पडत नाही, खांबासारखी उभी राहून नुसते हात जोडते. चार माणसांत माझी शोभा होते. महानंदा लाजेनं लाल झाली.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. नागोजी दहा वर्षं हेच काम करत होता. फिल्मचं पाकीट त्यानं हातातच धरून ठेवलं.

"अक्का, वाकल्यावर काय होतं?" त्यानं विचारलं.

महानंदानं सासूकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "मान खाली केली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो."

नागोजी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. मान वाकवली की करंट, म्हणजे दोष मानेत! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सगळे डोक्यातले ठिपके मोजत बसले होते, आणि मानेचा स्कॅन कुणी केलाच नव्हता. तो त्याच आठवड्यात झाला. मानेतल्या मज्जारज्जूवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग, स्वच्छ दिसणारा! पायांकडे जाणारा रस्ताच तिथं अडला होता. डोक्यात दोन ठिपके असोत की वीस, एवढ्या अरुंद जागेतला हा एक डाग पायांना पुरून उरला होता.

अंबूबाईंनी त्या दिवसापासून गल्लीत सांगायला सुरुवात केली की आजार आपणच शोधला. खोटं थोडंच होतं ते!

समितीच्या दिवशी महानंदा कॉटनची कडक इस्त्रीची साडी नेसून काठी टेकत आत गेली. कारखान्याच्या डॉक्टरांनी मेंदूची फिल्म लावून दोन ठिपके दाखवले आणि इतरांकडे पाहून हसले. महानंदानं पाकिटातून दुसरी फिल्म काढली आणि दिव्याच्या पेटीवर स्वतःच्या हातानं लावली. समितीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा चढवून डागाकडे बराच वेळ पाहिलं, मग कारखान्याच्या डॉक्टरांपुढे कागद सरकवला. 'आजार खरा' या शब्दांखाली त्यांनाच सही करावी लागली.

सही करताना ते चिडून म्हणाले, "करंटचं आधी का नाही सांगितलंत?"

"पायांचंच खरं धरलं नाहीत, साहेब," महानंदा म्हणाली, "मानेचं कुठलं धरणार होता?"

सोमवारी ती तपासणीच्या खात्यात रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिनं एकोणीस घड्याळं नापास केली, आणि एकोणीसही खरोखरच चुकत होती.